कॅलिफोर्नियातला जुना गुन्हा पुसला गेला, म्हणजे नेमका कोणासाठी पुसला गेला?

हे उत्तर एका तरुणीच्या प्रश्नाचे आहे. ती २०१८ साली नाशिकहून शिक्षणासाठी सॅन होजेला आली आणि आता एच-१बी व्हिसावर नोकरी करते. विद्यार्थिदशेत, २०१९ साली, एका मोठ्या दुकानातून सुमारे ऐंशी डॉलरची प्रसाधने पैसे न देता बाहेर नेताना ती पकडली गेली. न्यायालयात तिने 'नो कॉन्टेस्ट', म्हणजे आरोप लढवत नाही, असे म्हटले. दंड, समाजसेवेचे काही तास आणि एक वर्षाचे प्रोबेशन (कैदेऐवजी अटींखाली घालवायचा काळ) एवढ्यावर ते प्रकरण संपले. आता कंपनीने ग्रीन कार्डाची प्रक्रिया सुरू केली आहे आणि एका वकिलाने 'एक्सपंजमेंट करून घ्या, रेकॉर्ड साफ होईल' असे तिला सांगितले आहे. तिचे प्रश्न चार आहेत: रेकॉर्ड खरोखर नाहीसे होईल का, ग्रीन कार्डाच्या अर्जात 'अटक झालेली नाही' असे लिहिता येईल का, पुढच्या नोकरीत हे कळेल का, आणि डिसेंबरात बहिणीच्या लग्नाला जाऊन मुंबईत व्हिसाचा शिक्का घेणे सुरक्षित आहे का. आई-वडिलांना यातले काहीही ठाऊक नाही, हेही तिने लिहिले आहे.

सर्वात महत्त्वाचे आधी सांगतो, कारण उरलेले उत्तर वाचण्याआधीच एखादा अर्ज भरला जाण्याची भीती मला वाटते. ग्रीन कार्डाच्या अर्जात 'नाही' लिहू नका. एक्सपंजमेंट झाल्यानंतरही लिहू नका. तुम्ही सांगितलेली हकिगत कागदांवरून तशीच ठरली, तर तुमचा गुन्हा बहुधा ग्रीन कार्डाच्या आड येणार नाही. पण तो लपवणे मात्र नक्की येऊ शकते.

आता 'एक्सपंजमेंट' या शब्दाविषयी. कॅलिफोर्नियात वकील, कारकून आणि अशिलेही हा शब्द सर्रास वापरतात, पण प्रौढ व्यक्तीची सामान्य दोषसिद्धी सरकारी दफ्तरातून खरवडून काढणारी कोणतीही तरतूद या नावाने तिथल्या दंड संहितेत नाही. ज्याला हे नाव दिले जाते ती संहितेच्या कलम १२०३.४ खालची सवलत आहे. प्रोबेशन नीट पूर्ण केलेल्या, सध्या दुसरी शिक्षा भोगत नसलेल्या आणि दुसरा खटला अंगावर नसलेल्या व्यक्तीने अर्ज केल्यास न्यायालय तिला आपली मूळ कबुली मागे घेऊ देते, तिच्या जागी 'दोषी नाही' असे उत्तर नोंदवते आणि खटला काढून टाकते. खटला काढून टाकला जातो, पण नोंद राहते. राज्याच्या न्याय विभागाकडे बोटांच्या ठशांशी जोडलेला जो इतिहास असतो, त्यात अटक, आरोप आणि दोषसिद्धी या तिन्ही ओळी कायम राहतात, आणि त्यांच्या खाली 'कलम १२०३.४ अन्वये रद्द' अशी एक ओळ वाढते. मराठीत सांगायचे तर ही पाटी पुसणे नव्हे. पाटीवरच्या मजकुराखाली न्यायाधीशाने केलेला शेरा आहे. तो शेरा मौल्यवान आहे, पण पाटी कोरी झाली असे समजून कोणी चालू लागला की घात होतो.

ज्यांना प्रोबेशन न देता थेट दंड किंवा थोड्या दिवसांची कैद झाली, त्यांच्यासाठी कलम १२०३.४अ आहे आणि तिथे निकालापासून एक वर्ष थांबावे लागते. तुम्हाला प्रोबेशन होते, म्हणून तुमचा अर्ज १२०३.४ खाली. त्याचा नमुना 'सीआर-१८०' आणि आदेशाचा नमुना 'सीआर-१८१'. तुमच्यासारख्या किरकोळ चोरीच्या मिसडिमीनरमध्ये, म्हणजे कमी गंभीर वर्गातल्या गुन्ह्यात, प्रोबेशनच्या सर्व अटी पाळल्या असतील, तर न्यायाधीशाला ही सवलत नाकारण्याचा फारसा वाव नसतो. नुकसानभरपाईची रक्कम थकलेली आहे एवढ्याच कारणावरून पूर्वी अर्ज फेटाळले जात. २०२२ साली संमत झालेल्या सुधारणेने ती अडचणही दूर केली. फॉर्म स्वतः भरता येतो आणि बहुतेक काउंटींमध्ये सार्वजनिक बचाव वकिलाचे (पब्लिक डिफेंडरचे) कार्यालय किंवा न्यायालयाचे स्वयंसाहाय्य केंद्र त्यात मदत करते. त्यामुळे या एका अर्जासाठी कोणी हजारो डॉलर मागत असेल, तर तुमच्या स्थलांतराच्या बाजूचा विचार त्या रकमेत धरला आहे का, हे आधी विचारा. तो धरलेला नसेल तर ज्या कामासाठी तुम्हाला खरोखर वकील हवा, नेमके तेच काम त्यातून वगळलेले आहे.

याच्या जोडीला आता स्वयंचलित सवलतही आहे. २०१९ साली संमत झालेल्या आणि जुलै २०२२ पासून अंमलात आलेल्या कायद्यानुसार राज्याचा न्याय विभाग दर महिन्याला आपल्या नोंदी तपासतो आणि पात्र अटका व दोषसिद्धींना कोणी अर्ज न करताच सवलत देतो. २०२२ मधल्या दुसऱ्या कायद्याने हीच वाट अनेक फेलनींपर्यंत, म्हणजे जास्त गंभीर वर्गातल्या गुन्ह्यांपर्यंत, वाढवली. शिक्षा संपल्यावर चार वर्षे नवी फेलनी नसणे ही तिथली मुख्य अट आहे, आणि गंभीर, हिंसक तसेच लैंगिक गुन्ह्यांच्या नोंदणीशी जोडलेले गुन्हे त्यातून वगळले आहेत. या स्वयंचलित सवलतीचा एक फायदा असा, की तिची सूचना पोहोचल्यावर न्यायालयाने ती माहिती सर्वसामान्यांना द्यायची नसते. तोटा असा, की सवलत लागू झाल्याचे पत्र घरी येत नाही. त्यामुळे तुमच्या नोंदीला ती आधीच मिळालेली असणे शक्य आहे आणि तुम्हाला त्याचा पत्ताही नसेल.

म्हणून पहिले पाऊल अर्जाचे नसून आपली नोंद मागवण्याचे आहे. 'लाइव्ह स्कॅन' करणाऱ्या केंद्रात बोटांचे ठसे देऊन राज्याच्या न्याय विभागाकडून स्वतःचा इतिहास मागवता येतो. विभागाचे शुल्क पंचवीस डॉलर आहे, ठसे घेणारे केंद्र आपले वेगळे घेते. एफबीआय या केंद्रीय तपास संस्थेकडची नोंद अठरा डॉलरमध्ये मिळते. दोन्ही मागवा, कारण दोन्हींत एकच मजकूर असेलच असे नाही. राज्याच्या नोंदीत खटल्याचा शेवट असतो आणि एफबीआयच्या नोंदीत अटकेची ओळ तेवढी लोंबकळत राहिलेली असते, असे मी अनेकदा पाहिले आहे. परदेशातल्या अमेरिकी वाणिज्य दूतावासातला व्हिसा अधिकारी किंवा स्थलांतर खात्याचा अधिकारी पाहतो ती बहुधा ही दुसरी, अर्धवट नोंद.

त्याच आठवड्यात आणखी एक काम करा, आणि ते पुढे ढकलू नका. ज्या न्यायालयात खटला झाला तिथून आरोपपत्र, कबुलीचा फॉर्म, शिक्षेच्या दिवसाचा कार्यवृत्तान्त आणि अंतिम निकाल यांच्या शिक्का मारलेल्या प्रमाणित प्रती प्रत्येकी तीन घ्या. सामान्य मिसडिमीनरची फाइल पाच वर्षांनंतर नष्ट करण्याची मुभा कॅलिफोर्नियाचा कायदा न्यायालयांना देतो, आणि तुमचे प्रकरण २०१९ चे आहे. फाइल नष्ट झालेली असेल, तर तसे लेखी प्रमाणपत्र कारकुनाकडून घ्या आणि खटल्याच्या नोंदवहीचा जो उतारा शिल्लक असेल तो प्रमाणित करून घ्या. लोक रेकॉर्ड साफ करण्याच्या घाईत असतात, आणि साफ झाल्यावर त्यांच्या लक्षात येते की ज्या कागदाने आपण सुटलो असतो तोच आता मिळत नाही. स्थलांतर खात्यापुढे 'माझा गुन्हा किरकोळ होता' हे सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदाराची असते, आणि कागद नसला की शंकेचा फायदा त्याला मिळत नाही.

आता मूळ मुद्दा: राज्याने दिलेली सवलत केंद्र सरकारचे स्थलांतर खाते का मानत नाही.

१९९६ साली अमेरिकी संसदेने स्थलांतर कायद्यात 'दोषसिद्धी' या शब्दाची स्वतःची व्याख्या घातली. त्या व्याख्येनुसार व्यक्तीने 'गिल्टी' किंवा 'नो कॉन्टेस्ट' म्हटले असेल आणि न्यायाधीशाने कोणत्याही स्वरूपाची शिक्षा, दंड किंवा बंधन घातले असेल, तर ती दोषसिद्धी ठरते. मग राज्याच्या कायद्यात तिला काहीही नाव असो. दंड हे बंधन आहे, समाजसेवेचे तास हेही आहे, प्रोबेशन तर आहेच. पुढे १९९९ साली स्थलांतर अपील मंडळाने रोल्डान प्रकरणात असे ठरवले, की चांगल्या वागणुकीबद्दल किंवा पुनर्वसनासाठी राज्याने दोषसिद्धी काढून टाकली तरी स्थलांतराच्या कामी ती तशीच उभी राहते. २००३ सालच्या पिकरिंग प्रकरणात मंडळाने दुसरी बाजू मांडली: मूळ खटल्यातच कायदेशीर दोष होता म्हणून न्यायालयाने दोषसिद्धी रद्द केली असेल, तर ती स्थलांतरासाठीही नाहीशी होते. या दोन निर्णयांमधला फरक एकदा मनात पक्का बसला की बाकीचा विषय आपोआप उलगडतो. कलम १२०३.४ बक्षीस देते: तुम्ही नीट वागलात, म्हणून सवलत. वॉशिंग्टन हे बक्षीस मोजत नाही. तिथे विचारले जाते ते एवढेच, की मूळ कबुली कायद्याने धड होती की नव्हती.

(अमली पदार्थ बाळगण्याच्या पहिल्या गुन्ह्याला पश्चिमेकडच्या नवव्या अपील न्यायालयाने एकेकाळी अपवाद केला होता, पण १४ जुलै २०११ च्या नुन्येस-रेयेस निकालाने तो त्या तारखेनंतरच्या कबुल्यांसाठी बंद केला. जुनी प्रकरणे असलेल्यांनी ही तारीख लक्षात ठेवावी.)

तुमच्या गुन्ह्याकडे या चष्म्यातून पाहू. कायमची हिरावून घेण्याच्या हेतूने केलेली चोरी स्थलांतर कायद्यात 'नैतिक अधःपतनाचा गुन्हा' या वर्गात मोडते. हे नाव ऐकून लोकांचे पाय गळतात, आणि वस्तूची किंमत ऐंशी डॉलर होती की आठशे याने वर्ग बदलत नाही. पण त्याच कायद्यात क्षुल्लक गुन्ह्याचा अपवाद आहे. असा गुन्हा आयुष्यात एकच असेल, त्याला कायद्याने देता येणारी कमाल शिक्षा एक वर्षाच्या कैदेपेक्षा जास्त नसेल, आणि प्रत्यक्ष सुनावलेली शिक्षा सहा महिन्यांपेक्षा जास्त नसेल, तर अपात्रता लागत नाही. कॅलिफोर्नियात किरकोळ चोरीला कमाल सहा महिन्यांची कैद आणि हजार डॉलर दंड आहे. देशातून काढून टाकण्याचे कलमही वेगळे तपासावे लागते: प्रवेशानंतर पाच वर्षांच्या आत झालेला असा एक गुन्हा, ज्याला एक वर्ष किंवा अधिक कैद देता आली असती. सहा महिन्यांच्या कमाल शिक्षेचा गुन्हा तिथेही बसत नाही. अपात्रता आणि हद्दपारी हे दोन्ही धोके तुम्हाला नसल्याचे दिसते, आणि मी 'दिसते' म्हणतो ते केवळ कागद पाहिलेले नाहीत म्हणून. कार्यवृत्तान्तात कोणत्या कलमाखाली कबुली नोंदली आहे आणि कैदेचे किती दिवस लिहिले आहेत, हे पाहिल्याशिवाय कोणत्याही वकिलाने तुम्हाला हमी देऊ नये. स्थगित ठेवलेली कैदही स्थलांतर कायदा सुनावलेली कैदच मानतो.

या अपवादातला 'एकच' हा शब्द फार कडक आहे. दुसरी किरकोळ चोरी झाली की अपवाद संपतो. तुमच्या प्रश्नात तसे काही नाही, पण असेच पत्र लिहिणाऱ्यांपैकी काहींच्या बाबतीत दुसऱ्या शहरातली एखादी जुनी घटना 'ती केस तर बंद झाली होती' म्हणून सांगायची राहून जाते. वकिलाला ती सांगा. बंद झालेली केस कशी बंद झाली, यावरच सगळे ठरते.

आता अर्जातल्या प्रश्नाकडे. ग्रीन कार्डाच्या 'आय-४८५' अर्जात आणि पुढे नागरिकत्वाच्या 'एन-४००' अर्जात, कधीही अटक, समन्स, आरोप किंवा स्थानबद्धता झाली आहे का, असे विचारले जाते, आणि नोंद सीलबंद झाली, काढून टाकली गेली किंवा 'तुमचे रेकॉर्ड आता नाही' असे कोणी न्यायाधीशाने अथवा वकिलाने सांगितले असले तरी उत्तर द्यावे, अशी सूचना असते. व्हिसाच्या 'डीएस-१६०' अर्जातही माफी मिळालेले गुन्हे धरूनच विचारणा आहे. तेव्हा 'हो' लिहायचे, थोडक्यात हकिगत द्यायची आणि प्रमाणित प्रती जोडायच्या.

'नाही' लिहिल्यास काय होते, हे नीट समजून घ्या. जाणूनबुजून महत्त्वाची गोष्ट खोटी सांगितल्याचा ठपका बसला, तर तो स्वतंत्र अपात्रतेचा आधार ठरतो आणि त्याला मुदत नसते. तो आयुष्यभर सोबत राहतो. त्यातून सूट मागता येते ती प्रामुख्याने अमेरिकी नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असलेल्या जोडीदाराला अथवा आई-वडिलांना अतोनात हाल सोसावे लागतील या आधारावर. तुमचे आई-वडील नाशिकला आहेत. उद्या तुमचे लग्न एच-१बीवरच्याच एखाद्या मुलाशी झाले, तर सूट मागण्यासाठी पात्र नातेवाईकच उरत नाही. ऐंशी डॉलरच्या प्रसाधनांना कायद्याने क्षमा केलेली असताना एका चुकीच्या खुणेसाठी सगळे गमावणारी माणसे माझ्या टेबलापलीकडे बसलेली आहेत. त्यातल्या एका गृहस्थांनी 'एक्सपंज झाले म्हणजे घडलेच नाही' असे त्यांच्या फौजदारी वकिलाने सांगितल्यावरून 'नाही'वर खूण केली होती. मूळ गुन्ह्यावर आम्हाला मुलाखतीत दहा मिनिटेही बोलावे लागले नसते. त्या खुणेवर आम्ही कित्येक वर्षे लढलो.

मग १२०३.४ चा आदेश घ्यायचाच कशाला? दोन कारणांसाठी घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. ग्रीन कार्ड हा हक्क नसून अधिकाऱ्याच्या विवेकाधीन दिलेला लाभ आहे, आणि त्या विवेकाच्या तराजूत न्यायाधीशाचा हा आदेश, पूर्ण झालेले प्रोबेशन आणि त्यानंतरची स्वच्छ वर्षे यांना वजन असते. दुसरे कारण नोकरीचे. कॅलिफोर्नियातला खासगी मालक अशा रद्द झालेल्या दोषसिद्धीबद्दल तुम्हाला विचारू शकत नाही आणि तिच्या आधारे नोकरीचा निर्णय घेऊ शकत नाही. मोजके अपवाद सोडले तर राज्याचा कामगार कायदा तसे सांगतो. शिवाय जानेवारी २०१८ पासून पाच किंवा अधिक कर्मचारी असलेल्या मालकाने सशर्त नोकरी देऊ केल्याशिवाय गुन्ह्यांचा इतिहास विचारायचाच नाही, असा नियम आहे. म्हणजे एकाच आठवड्यात तुम्ही नव्या कंपनीच्या फॉर्मवर दोषसिद्धी नाही असे कायदेशीररीत्या लिहाल आणि स्थलांतर खात्याच्या फॉर्मवर अटक झाली होती असे लिहाल, आणि दोन्ही उत्तरे खरी असतील. प्रश्न कोण विचारतो आहे, यावर उत्तर बदलते. मात्र कंपनीचे मुख्यालय दुसऱ्या राज्यात असेल आणि फॉर्म तिथून आला असेल, तर उत्तर देण्याआधी प्रश्नाचे शब्द वकिलाला दाखवा. सरकारी पद, राज्याचा व्यावसायिक परवाना आणि राज्य लॉटरीशी कंत्राट या तीन ठिकाणी थेट विचारले तर रद्द झालेली दोषसिद्धीही सांगावी लागते. परवान्याच्या बाबतीत दिलासा असा, की १ जुलै २०२० पासून केवळ अशा रद्द झालेल्या दोषसिद्धीच्या आधारे परवाना मंडळाला अर्ज फेटाळता येत नाही.

खासगी पार्श्वभूमी-तपासणी करणाऱ्या कंपन्यांकडे जुना मजकूर पडून असतो. आदेश मिळाल्यावर त्याची प्रत जोडून लेखी हरकत पाठवा. केंद्रीय कायद्यानुसार त्यांनी सामान्यतः तीस दिवसांत तपासणी करायची असते.

आता त्या उपायाविषयी, जो स्थलांतर खाते खरोखर मानते. २०१७ च्या आरंभापासून अंमलात असलेल्या कलम १४७३.७ खाली, कोठडीतून वा प्रोबेशनमधून बाहेर पडलेली व्यक्ती असा अर्ज करू शकते की कबुली देताना तिचे स्थलांतरावरचे परिणाम मला नीट उमगलेच नव्हते, आणि उमगले असते तर मी ती दिली नसती. २०१० च्या पडिला निकालात सर्वोच्च न्यायालयाने वकिलाने अशिलाला हद्दपारीच्या धोक्याची कल्पना देणे हे घटनात्मक कर्तव्य ठरवले होते, १४७३.७ त्याहून पुढे जाते, कारण इथे वकिलाची चूक सिद्ध करणे अपरिहार्य नाही, अशिलाचा स्वतःचा गैरसमजही पुरू शकतो. २०२१ च्या व्हिवार निकालात कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने, समकालीन पुराव्यावरून ती व्यक्ती कबुली नाकारण्याची वाजवी शक्यता दिसते का, ही कसोटी लावली. हा आदेश मूळ दोषावर आधारलेला असल्याने पिकरिंगच्या बाजूला पडतो. पण तो फुकट मिळत नाही. खटला पुन्हा जिवंत होतो, सरकारी वकील तो पुन्हा चालवू शकतो, आणि शपथपत्रात तुम्हाला २०१९ मध्ये काय सांगितले गेले हे तपशिलाने आणि खरे लिहावे लागते. तुमच्या बाबतीत क्षुल्लक गुन्ह्याचा अपवाद लागू होत असेल, तर हा अर्ज करण्याची गरज मला दिसत नाही. ज्यांच्या हातून दोन चोऱ्या झाल्या आहेत, ज्यांच्यावर अमली पदार्थांचे प्रकरण आहे किंवा घरगुती हिंसेच्या कलमाखाली ज्यांनी घाईने कबुली दिली, त्यांच्यासाठी मात्र बहुधा हाच एक दरवाजा उरतो.

घरगुती हिंसेचा उल्लेख आलाच आहे, तर तो तसाच सोडवत नाही. रात्री भांडण होते, शेजारी फोन करतात, पोलीस येतात आणि दोघांपैकी एकाला घेऊन जातात. पुढे आरोपच दाखल होत नाही. 'काही झालेच नाही' असे समजून कुटुंब पुढे जाते, पण ठसे घेतले गेलेले असतात आणि अटकेची नोंद उभी असते. आरोप न लागलेली, लागून काढून टाकलेली किंवा निर्दोष सुटकेने संपलेली अटक सीलबंद करण्यासाठी २०१८ पासून कलम ८५१.९१ आहे, आणि बहुतेक प्रकरणांत तो हक्क आहे, मेहेरबानी नव्हे; घरगुती हिंसेच्या वारंवार झालेल्या अटकांमध्ये मात्र न्यायाधीशाला पटवून द्यावे लागते. आपण वस्तुतः निर्दोष होतो हे सिद्ध करता आले, तर कलम ८५१.८ खाली नोंद अटकेपासून तीन वर्षे सीलबंद राहून नंतर नष्ट केली जाते. कॅलिफोर्नियात खऱ्या अर्थाने कागद नष्ट होतो तो या वाटेने, आणि ती वाट अरुंद आहे.

हे वाचणाऱ्यांपैकी कोणाचा खटला अजून चालू असेल, तर त्यांच्यासाठी दोन ओळी. २०२१ पासून कॅलिफोर्नियातल्या न्यायाधीशाला बहुतेक मिसडिमीनरांमध्ये, कबुली न घेता, जास्तीत जास्त चोवीस महिन्यांसाठी खटला बाजूला ठेवता येतो, आणि अटी पाळल्या की तो निकाली निघतो. कबुलीच नसल्याने स्थलांतराच्या व्याख्येतली दोषसिद्धीही होत नाही. दुसऱ्या राज्यांत अशाच नावाची सोय दिसली तर आधी कबुली मागितली जाते का, ते पाहा. न्यू जर्सीत नगर न्यायालयातल्या 'कंडिशनल डिसमिसल'मध्ये (अटी पाळल्यास खटला रद्द) आधी गुन्हा मान्य करावा लागतो. टेक्सासच्या 'डिफर्ड अॅडज्युडिकेशन'मध्येही (निकाल लांबणीवर टाकणे) तसेच. एडिसनच्या किंवा डॅलसच्या वकिलाने 'हे रेकॉर्डवर येणार नाही' असे सांगितले, तर ते राज्यापुरते खरे असू शकते. स्थलांतर खात्यापुढे ती दोषसिद्धीच ठरते. पुढे न्यू जर्सीत नोंद काढून घेतली तरी मूळ कबुली तिथेच राहते.

राहिला डिसेंबरातला प्रवास. तुम्ही देशातच दर्जा बदलून एच-१बीवर गेला असाल, तर अटकेनंतरचा तुमचा हा पहिला शिक्का असेल. अटकेची माहिती मिळाल्यावर अमेरिकेचे परराष्ट्र खाते जुना विद्यार्थी व्हिसा परस्पर रद्द करू शकते, तेव्हा तसे पत्र जुन्या ईमेलमध्ये आले होते का, ते शोधा. 'डीएस-१६०' मध्ये 'हो' लिहा. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या मुलाखतीला जाताना प्रमाणित प्रती, मिळाला असल्यास १२०३.४ चा आदेश, आणि क्षुल्लक गुन्ह्याचा अपवाद कोणत्या कलमाने लागू होतो हे सांगणारे वकिलाचे एका पानाचे पत्र सोबत ठेवा. अधिकाऱ्याने न विचारता कागद पुढे करू नका, पण विचारल्यावर शोधाशोधही करावी लागू नये. प्रशासकीय तपासणीसाठी पासपोर्ट काही आठवडे अडकू शकतो, म्हणून परतीचे तिकीट बदलता येईल असे काढा आणि कंपनीच्या वकिलाला निघण्यापूर्वी सगळे सांगा. पण कंपनीचा वकील तुमच्याआधी कंपनीचा वकील असतो, त्यामुळे त्याला सांगितलेले मालकापर्यंत जाऊ शकते. हे नको असेल तर स्वतःचा स्थलांतर वकील आधी गाठा आणि कंपनीला काय व किती सांगायचे ते त्याच्याशी ठरवा.

कागद नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत हातात आले नाहीत, तर लग्नाला जाऊन याच खेपेला शिक्का घेण्याचा सल्ला मी देणार नाही. शिक्क्याशिवाय परत येता येणार नाही आणि कागदांशिवाय शिक्क्याची खात्री देता येणार नाही. आई-वडिलांच्या बाबतीत एवढेच सांगतो, की न्यायालय किंवा न्याय विभाग नाशिकच्या पत्त्यावर काहीही पाठवत नाही. सर्व अर्जांवर तुमचा इथला पत्ता आणि ईमेल द्या. पण पासपोर्ट मुंबईत अडकून तुम्ही महिनाभर घरी राहिलात, तर कारण विचारले जाईलच. त्या वेळी काय सांगायचे, हे विमानात बसण्याआधी ठरवून ठेवा.